आजोबांचे क्लॅरिनेट बेसूर का वाजे?

लग्नाच्या वरातीपुढे चालणारा बँड तुम्ही सर्वांनीच पाहिला असेल. ढोल, ताशे आणि पितळी ट्रंपेट यांच्या गर्दीत एक काळे, सरळ, चकचकीत चाव्यांचे वाद्य असते. बँडवाले त्याला ‘क्लारनेट’ म्हणतात. नाट्यगीताची चाल बँडवर वाजू लागली की ती गाण्यासारखी गळ्यातून काढण्याचे काम बहुधा या वाद्याकडे असते. मास्टर इब्राहिम यांच्या क्लॅरिनेटच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या एके काळी महाराष्ट्रात घरोघर वाजत असत.

माझे आजोबा अशाच एका बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवीत. त्यांचे वाद्य आज माझ्याकडे आहे. ते नेमके कोणते आहे हे शोधताना आणि पंचवीस वर्षांनी ते पुन्हा वाजवताना अकरावी-बारावीच्या पुस्तकातला ध्वनीचा धडा मला नव्याने शिकावा लागला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, आमच्या घरात साठ वर्षे खरी मानलेली एक गोष्ट खोटी ठरली. ती हकीकत आणि तिच्यामागचे भौतिकशास्त्र आज पाहू.

ट्रंकेतले वाद्य

आजोबांनी हे क्लॅरिनेट आपल्या उस्तादांकडून घेतले होते. उस्ताद पूर्वी कोणत्या तरी लष्करी छावणीत बँड वाजवीत, एवढेच आम्हांला ठाऊक. १९५८ च्या सुमारास आजोबांच्या बँडने सगळी वाद्ये नवी घेतली. आजोबांनी मात्र आपले जुनेच ठेवले. त्यानंतर काही महिन्यांतच बँडच्या प्रमुखांनी त्यांना सांगितले, ‘‘तुमचा कान गेला. तुम्ही सगळ्यांच्या वर वाजवता.’’ आजोबांनी बँड सोडला, एस. टी. च्या वर्कशॉपात फिटर म्हणून नोकरी धरली आणि वाद्य ट्रंकेत ठेवले.

पुढे मी शाळेत असताना त्यांनी ते माझ्यासाठी बाहेर काढले आणि चार-पाच वर्षे मला शिकवले. आम्ही दोघेच माडीवर बसत असू. वडिलांच्या हार्मोनियमबरोबर वाजवू या म्हटले की ते मान हलवत, ‘‘त्याचं आणि माझं जमत नाही रे.’’ कॉलेजात गेल्यावर माझे वाजवणे सुटले. आजोबाही गेले. आमच्या घरात एकच वाक्य उरले : आजोबांचा कान पुढे बिघडला होता.

ओळख कशी पटवावी?

दोन वर्षांपूर्वी घर बदलताना ट्रंक उघडली. जुने वाद्य हाती आले की ते लगेच फुंकू नये. आधी ते नीट पाहावे.

पहिला प्रश्न, ते कशाचे आहे? काळे क्लॅरिनेट लाकडाचे असते किंवा एबोनाइटचे, म्हणजे भरपूर गंधक घालून कठीण केलेल्या रबराचे. जुने एबोनाइट प्रकाशाने हिरवट तपकिरी पडते आणि बोटाने जोरात घासले तर त्याला गंधकाचा वास येतो. लाकडात भिंगाखाली रेषा दिसतात. माझ्या वाद्यात त्या दिसल्या. हे लाकूड आफ्रिकेतील एका झाडाचे असते. त्याचे शास्त्रीय नाव डॅल्बर्जिया मेलॅनोझायलॉन. आपले शिसवीचे झाड डॅल्बर्जिया लॅटिफोलिया, म्हणजे दोघांचे कुळ एकच. आफ्रिकी लाकूड इतके घट्ट असते की ते पाण्यात बुडते. (ही परीक्षा आपल्या वाद्यावर करू नका! एबोनाइटही बुडतेच, आणि भिजलेले लाकूड तडकते.)

चाव्या चांदीसारख्या दिसल्या तरी त्या बहुधा जर्मन सिल्व्हरच्या असतात. या मिश्रधातूत तांबे, निकेल आणि जस्त असते, चांदी मुळीच नसते.

दुसरा प्रश्न, चाव्यांची रचना कोणती? क्लॅरिनेटचा जन्म इ. स. १७०० च्या सुमारास जर्मनीतील न्यूरेंबर्ग शहरी योहान डेन्नर या कारागिराच्या हातून झाला असे मानतात. तेव्हा त्याला दोनच चाव्या होत्या. १८१२ च्या सुमारास इवान म्यूलर याने तेरा चाव्यांचे वाद्य केले. त्यावरून पुढे ‘साधी’ किंवा ‘आल्बर्ट’ नावाची रचना आली. १८३९ च्या सुमारास पॅरिसमध्ये क्लोझे हा वादक आणि बुफे हा कारागीर यांनी दुसरी रचना काढली. बासरीवादक बोएम याच्या बासरीवरील कड्यांची कल्पना तिच्यात वापरली होती, म्हणून तिला बोएम रचना म्हणतात. आजची बहुतेक क्लॅरिनेटे याच रचनेची असतात. ओळखण्याची सोपी खूण म्हणजे उजव्या करंगळीखालच्या चाव्या मोजा. बोएम रचनेत त्या चार असतात, साध्या रचनेत दोन. माझ्या वाद्यावर दोन होत्या. म्हणजे वाद्य जुन्या पद्धतीचे.

कारागिराचा छाप जवळजवळ झिजून गेला होता. कसाबसा ‘लंडन’ एवढाच शब्द वाचता येत होता.

तिसरा प्रश्न, त्याची पट्टी कोणती? क्लॅरिनेटे निरनिराळ्या लांबीची असतात. बँडमध्ये सर्वांत जास्त चालते ते ‘बी फ्लॅट’ क्लॅरिनेट, म्हणजे हार्मोनियमच्या भाषेत काळी पाच. माउथपीस धरून त्याची लांबी सुमारे ६६ ते ६७ सेंटीमीटर भरते. माझे वाद्य त्याहून थोडे आखूड भरले. मी ‘काळी पाच’ असे लिहून ठेवले आणि त्या थोड्या फरकाकडे दुर्लक्ष केले. ही माझी पहिली चूक. मोजलेला आकडा अपेक्षेप्रमाणे आला नाही तर तो काहीतरी सांगत असतो!

बंद नळीचे गणित

आता थोडे थांबून हे वाद्य वाजते कसे ते पाहू.

माउथपीसच्या सपाट बाजूवर एक पातळ पत्ती बांधलेली असते. बांबू-बोरूसारख्या पोकळ दांड्याच्या एका गवतापासून ती करतात. आपण फुंकतो तेव्हा पत्ती सेकंदाला शेकडो वेळा माउथपीसचे तोंड उघडते आणि झाकते. पण किती वेळा हे पत्ती स्वतः ठरवीत नाही. नळीतला हवेचा स्तंभ ते ठरवतो.

पत्तीच्या टोकाशी नळी जवळजवळ बंद असते. तेथे हवेचे कण हलू शकत नाहीत, म्हणजे निस्पंद असतो. उघड्या टोकाशी प्रस्पंद असतो. निस्पंदापासून लगतच्या प्रस्पंदापर्यंत तरंगलांबीचा चौथा भाग मावतो. म्हणून,

वारंवारता = ध्वनीचा वेग ÷ (४ × नळीची परिणामी लांबी)

काळी पाचच्या क्लॅरिनेटचा सर्वांत खालचा स्वर म्हणजे खर्जातील पांढरी दोन, वारंवारता १४६.८ हर्ट्झ. उबदार हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला ३४५ मीटर धरला तर परिणामी लांबी येते ३४५ ÷ (४ × १४६.८) = ०.५८७ मीटर, म्हणजे ५८.७ सेंटीमीटर. तुम्ही म्हणाल, वाद्य तर ६६ सेंटीमीटरचे आहे. याचे कारण खालचा कर्णा. तो पसरट असल्याने तरंग अगदी टोकापर्यंत न जाता अलीकडूनच परततो. त्यामुळे परिणामी लांबी प्रत्यक्ष लांबीपेक्षा कमी भरते.

बासरीची नळी दोन्ही टोकांशी उघडी असते. तेवढ्याच लांबीची बासरी क्लॅरिनेटपेक्षा साधारण एक सप्तक वर वाजते. लहानशा क्लॅरिनेटमधून एवढा खोल स्वर कसा निघतो, याचे उत्तर यात आहे.

एका टोकाशी बंद असलेल्या नळीचे दुसरे वैशिष्ट्य तुम्हांला परीक्षेसाठी पाठ असेल : तिच्यात मूलस्वराच्या तिप्पट, पाचपट, सातपट अशाच वारंवारता उमटतात. दुप्पट, चौपट उमटत नाहीत. क्लॅरिनेटवर हे वाक्य बोटांना कळते. डाव्या अंगठ्याजवळ एक चावी असते. ती दाबली की नळीच्या साधारण एक तृतीयांश अंतरावरचे बारीक छिद्र उघडते, मूलस्वर मोडतो आणि एकदम तिप्पट वारंवारतेचा स्वर येतो. सनईची नळी खाली रुंद होत जाणारी, शंकूच्या आकाराची. ती जोराने फुंकली तर मंद्र ‘सा’चा मध्य ‘सा’ होतो. क्लॅरिनेटवर मात्र मंद्र ‘सा’ एकदम मध्य सप्तकातल्या ‘प’वर उडी घेतो, कारण ३ = २ × ३/२, म्हणजे एक सप्तक आणि वर पंचम.

या उडीमुळेच क्लॅरिनेटला इतक्या चाव्या लागतात. सनईला एका सप्तकापुरती छिद्रे पुरतात. क्लॅरिनेटला दीड सप्तकाहून अधिक अंतर छिद्रांनीच भरून काढावे लागते, आणि आपल्याला बोटे आहेत दहाच. त्यांतला उजवा अंगठा तर वाद्य पेलण्यात गुंतलेला!

पुन्हा वाजवायला बसलो

बँडची वाद्ये दुरुस्त करणारे एक कारागीर शोधून त्यांच्याकडून चाव्यांखालच्या गाद्या आणि सांध्यांवरचे बूच बदलून घेतले. वाद्य कोठे गळते का हे पाहण्याची त्यांची रीत साधी होती. एका सांध्याची सर्व छिद्रे बोटांनी बंद करायची, खालचे टोक तळहाताने झाकायचे आणि वरून हवा ओढायची. ओढ काही सेकंद टिकली तर वाद्य घट्ट. त्यांनीच बजावले, ‘‘मास्तर, पंचवीस वर्षं कोरडं पडलंय. पहिला महिनाभर दिवसाला दहा मिनिटांच्या वर वाजवू नका. आणि वाजवून झालं की आतून पुसा.’’ यामागे शास्त्र आहे. श्वासातल्या ओलाव्याने लाकूड आतून फुगते आणि बाहेरून कोरडेच राहते. हा ताण एकदम आला तर लाकूड उभे तडकते.

नवे माउथपीस आणि मऊ पत्ती आणून मी बसलो. एक गंमत लक्षात आली. बोटे काहीच विसरली नव्हती. ओठ मात्र सगळे विसरले होते. क्लॅरिनेट फुंकायला पाण्याच्या सुमारे ३० ते ५० सेंटीमीटर उंचीइतका दाब लागतो आणि तो अडवून धरायचे काम ओठांच्या कडांचे. पाच मिनिटांत माझ्या तोंडाच्या दोन्ही कोपऱ्यांतून हवा सुटू लागली. मध्येच वाद्य ‘चीं’ करून किंचाळे. तेव्हा कोणते तरी बोट छिद्रावर अर्धवट पडलेले असे.

तुम्हांलाही एखादे सोडलेले वाद्य पुन्हा धरायचे असेल, तर माझ्या अनुभवातून तीन गोष्टी सांगतो. पहिले पंधरा दिवस गाणे वाजवू नका, एकेक स्वर लांबवा. थोडा वेळ पण रोज बसा, कारण स्नायू रोजच्या कामाने तयार होतात, रविवारच्या दोन तासांनी नाही. आणि थकलात की थांबा. थकलेले ओठ चुकीची सवय लावून घेतात.

सरावाबरोबर वाढणारा बेसूरपणा

डिसेंबरची सकाळ होती. खोलीत १६ अंश तापमान. मोबाइलमधील वारंवारता दाखवणारे अ‍ॅप समोर ठेवून सर्व छिद्रे बंद करून अंगठ्याची चावी दाबली. हा स्वर पांढरी सहाचा, जगभर ४४० हर्ट्झला मानलेला. आकडा आला ४४४. मी खूश झालो. इतक्या वर्षांनी एवढा फरक पडायचाच!

पण पुढे उलटेच घडू लागले. ओठ बळकट होऊ लागले, स्वर स्थिर होऊ लागला आणि आकडा वर चढू लागला. ४४६, ४४९, आणि सहा आठवड्यांनी ४५२ वर येऊन तो थांबला. वडिलांच्या हार्मोनियमबरोबर वाजवले तर दोन्हींच्या स्वरांत खरखरीत कंप येई. मी जितका चांगला वाजवू लागलो तितका अधिक बेसूर होऊ लागलो! मनात पहिला विचार आला तो हा, की माझाही कान गेला.

येथे मला आजोबांचे ते वाक्य आठवले आणि मी वही काढली. प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांना जे सांगतो ते स्वतः करायचे ठरवले. संशयित एकेक करून तपासायचे.

हार्मोनियम : महाविद्यालयातला प्रमाण नादकाटा आणि अ‍ॅप, दोन्हींनी तपासली. पांढरी सहा ४४० ला होती. हार्मोनियम निर्दोष.

तापमान : ध्वनीचा वेग अंदाजे ३३१ + ०.६ × तापमान इतका असतो. १५ अंशाला ३४०, २५ ला ३४६, ३५ ला ३५२ मीटर दर सेकंदाला. क्लॅरिनेटची वारंवारता या वेगाच्या प्रमाणात चढते. हार्मोनियमचा स्वर धातूच्या पत्तीवर ठरतो, त्यामुळे तो हवा तापल्याने असा चढत नाही. पहिल्या दिवशी वाद्य थंडगार होते आणि ओठही ढिले. ढिले ओठ स्वर उतरवतात. या दोन्ही गोष्टींनी मिळून स्वर खाली ओढला होता आणि मला ४४४ हा फसवा आकडा दाखवला होता. वाद्य श्वासाने तापल्यावर मोजायला हवे होते. ही माझी दुसरी चूक.

वाद्याची गळती : गळती किंवा चुकीचे बसलेले पॅड असेल तर काही स्वर बिघडतात, काही नाही. म्हणून तीन स्वर मोजले. सर्वांत खालचा, अपेक्षित १४६.८, आला १५१. सर्व छिद्रे मोकळी असतानाचा, अपेक्षित ३४९, आला ३५९. अंगठ्याच्या चावीचा, अपेक्षित ४४०, आला ४५२. आता प्रत्येक जोडीचे गुणोत्तर काढा. तिन्ही वेळा ते १.०३ च्या आसपास येते. कोठे तरी एखादा दोष असता तर तिन्ही स्वर एकाच प्रमाणात चढले नसते. म्हणजे सगळे वाद्यच कोणीतरी एका प्रमाणात आखूड करून बनवले होते.

वाजवणारा : शेवटचा संशयित मी. माझा एक जुना विद्यार्थी बँडमध्ये वाजवतो. त्याचे नवे क्लॅरिनेट आणले. तेच माउथपीस, तीच पत्ती, तीच खोली, तोच मी. पांढरी सहा आली ४४१.

मग दोन्ही वाद्ये माउथपीस काढून शेजारी शेजारी ठेवली. नवे ५९.५ सेंटीमीटर, आजोबांचे ५७.८. भागाकार करा : १.०३. तेच गुणोत्तर!

त्या संध्याकाळी खडूची पूड घेऊन आजोबांच्या वाद्याच्या प्रत्येक सांध्यावर हलक्या हाताने चोळली. खालच्या सांध्याच्या मागच्या बाजूला, मळाने बुजलेल्या रेघांमध्ये पांढरी अक्षरे उमटली : एच. पी. म्हणजे ‘हाय पिच’, उंच पट्टीचे.

उंच पट्टी कोठून आली?

‘पांढरी सहा म्हणजे ४४०’ हा निसर्गाचा नियम नाही, माणसांनी केलेला ठराव आहे. एकोणिसाव्या शतकात युरोपात वाद्यवृंदांची पट्टी हळूहळू चढत गेली होती. फ्रान्सने १८५९ साली ती कायद्याने ४३५ वर बांधली. ब्रिटनमध्ये मात्र सुमारे ४५२ ची उंच पट्टी रूढ झाली आणि वाद्यवृंदांनी ती सोडल्यावरही लष्करी बँडांनी ती धरून ठेवली. हिंदुस्थानातल्या छावण्यांत हीच वाद्ये वाजत. ब्रिटिश लष्कराने १९२० च्या दशकाच्या अखेरीस उंच पट्टी सोडली. १९३९ साली लंडनला भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ४४० ही पट्टी मान्य केली आणि १९५५ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने तिच्यावर शिक्कामोर्तब केले. पण चांगले वाद्य ठरावाने मरत नाही. ते शिष्याच्या हाती जाते, आणि शिष्य वरातीपुढे ते वाजवत राहतो.

आता १९५८ चा प्रसंग पुन्हा पाहा. पूर्वी सगळा बँड उंच पट्टीचा होता. म्हणून आजोबा सुरात होते. नवी वाद्ये ४४० ची आली आणि एकटे आजोबा ४५२ वर राहिले. दोन स्वर जवळ जवळ असले की त्यांच्या वारंवारतांच्या फरकाइतके विस्पंद ऐकू येतात. ४५२ वजा ४४०, म्हणजे सेकंदाला १२ विस्पंद. कोणत्याही कानाला ते सहन होणार नाहीत. ‘‘तुम्ही सगळ्यांच्या वर वाजवता’’ हे प्रमुखांचे वाक्य अगदी खरे होते. ‘‘तुमचा कान गेला’’ हा त्यावरून काढलेला निष्कर्ष खोटा होता. निरीक्षण आणि अनुमान यांतला फरक मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो. तो आपल्याच घरात इतका महाग पडला होता, हे मला ठाऊक नव्हते.

ओढून का जमत नाही?

तुम्ही विचाराल, आजोबांनी वाद्याचा सांधा थोडा ओढून लांबी का वाढवली नाही? वादक असे करतातच. त्यांनीही केले असणार. पण हिशेब करून पाहू.

४५२ च्या वाद्यात सर्वांत खालच्या स्वराची परिणामी लांबी ५७.१ सेंटीमीटर आहे. ती ५८.७ करायची तर सांधा १.६ सेंटीमीटर ओढायला हवा. आता सर्व छिद्रे मोकळी असतानाचा स्वर घ्या. तेथे हवेचा स्तंभ वरच्या छिद्रांपाशीच संपतो आणि परिणामी लांबी केवळ २४ सेंटीमीटर असते. त्याला २४.७ हवी, म्हणजे फक्त ०.७ सेंटीमीटर वाढ. पण सांधा ओढला की वाढ सर्वांना सारखीच मिळते. १.६ सेंटीमीटर ओढल्यावर या स्वराची लांबी २५.६ होते आणि वारंवारता ३४५ ÷ (४ × ०.२५६) = ३३७ हर्ट्झ. हवी होती ३४९. आधी जो स्वर अर्ध्या पट्टीने चढा होता तो आता अर्ध्या पट्टीहून अधिक उतरला!

बेरीज करून प्रमाण सुधारत नाही, हे यातले मर्म. प्रत्येक छिद्राची जागा त्याच प्रमाणात सरकवायला हवी, आणि लाकडात कोरलेली छिद्रे सरकत नाहीत. जुने वाद्य घेताना ‘थोडे ओढले की जुळेल’ असे कोणी सांगितले तर हा हिशेब लक्षात ठेवा.

लाकूड जुने म्हणून आवाज गोड, असेही पुष्कळ जण सांगतात. १९६४ साली अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ जॉन बॅकस यांनी फुंकवाद्यांवर प्रयोग केले. नळीच्या भिंतीच्या कंपनांमुळे ऐकू येणाऱ्या स्वरात जाणवण्याजोगा फरक पडत नाही, असे त्यांना आढळले. स्वर हवेच्या स्तंभाचा असतो. नळीचा आकार, छिद्रांच्या कडा, पत्ती आणि वाजवणारा, यांना महत्त्व अधिक.

मग या वाद्याचे करायचे काय?

४४० च्या वाद्यवृंदात त्याला जागा नाही, हे खरे. पण आपल्या संगीतात षड्ज कोठेही धरता येतो. गवई आपल्या गळ्याप्रमाणे तंबोरा लावतो. तंबोऱ्याच्या तारेला काळी-पांढरी पट्टी ठाऊक नसते, खुंटी पिळली की ती हव्या त्या स्वरावर येते. मी तंबोरा काळी पाचच्या थोडा वर, पांढरी सातच्या थोडा खाली, बरोबर दोहोंच्या मधोमध लावला. त्यावर आजोबांनी शिकवलेला भूप धरला. विस्पंद नाहीसे झाले. वाद्य तंबोऱ्यात अगदी मिसळून गेले.

वडील आता पंच्याहत्तरीचे आहेत. ते बाहेरच्या खोलीतून आत आले, पूर्ण आलाप होईपर्यंत दारात उभे राहिले आणि म्हणाले, ‘‘अरे, हे तर सुरात आहे.’’ मी त्यांना वही दाखवली. तीन गुणोत्तरे, दोन लांब्या आणि खडूने उमटलेली दोन अक्षरे. त्यांनी ती दोनदा वाचली.

‘बेसूर’ हा एका वाद्याचा गुण नसतो. तो दोन वाद्यांमधला संबंध असतो. आजोबांनी तेच सांगितले होते : ‘‘त्याचं आणि माझं जमत नाही.’’ त्यांनी दोष ना हार्मोनियमला दिला, ना वाद्याला. आम्हीच तो त्यांच्या कानाला दिला, कारण आमच्यापैकी कोणीही मोजले नव्हते.

करून पाहा

१. वायरिंगसाठी वापरतात त्या प्लॅस्टिक नळीचा ३० सेंटीमीटरचा तुकडा घ्या. एका टोकाच्या काठावरून फुंकर घाला. आता दुसरे टोक तळहाताने बंद करून पुन्हा फुंका. स्वर साधारण एक सप्तक खाली गेलेला ऐकू येईल. दोन्ही वारंवारता सूत्राने काढा. प्रत्यक्षात त्या थोड्या कमी का येतात?

२. दोन मित्रांनी सारख्या दोन बाटल्यांत जवळजवळ सारखे पाणी घेऊन एकदम फुंका. विस्पंद ऐका. एकीत थेंब थेंब पाणी घालून ते मंद होत होत थांबेपर्यंत जुळवा. वाद्य सुरात लावणे म्हणजे हेच.

३. उदाहरण : १५ अंश तापमानाला एका नळीचा स्वर ४४० हर्ट्झ आहे. नळीतली हवा ३५ अंशांपर्यंत तापली तर स्वर किती होईल? हार्मोनियमच्या ४४० हर्ट्झ स्वराबरोबर सेकंदाला किती विस्पंद येतील? (उत्तर : सुमारे ४५५.५ हर्ट्झ; १५ ते १६ विस्पंद.)